चाकांना मुभा किती आणि मज्जाव किती?

एसटीने नित्य प्रवास करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी कोणी न शिकवता ठाऊक झालेल्या असतात. पहिली ही की, खराब रस्त्यावर शेवटच्या बाकावर जागा मिळण्यापेक्षा गाडीच्या मध्यभागी दांड्याला धरून उभे राहणे पुष्कळदा बरे; आणि दुसरी ही की, रस्ता तोच, गाडी तीच आणि चालकही तोच असताना, बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेली गाडी जितक्या सुखाने जाते तितक्या सुखाने भर दुपारच्या फेरीला निम्मी रिकामी धावणारी गाडी जात नाही; ती लहानसहान खड्ड्यालाही उसळते, तिच्या खिडक्यांच्या काचा खडखडतात आणि उतारूंच्या मांडीवरच्या पिशव्या जागच्या जागी राहत नाहीत. ओझे कमी झाले की त्रासही कमी व्हावा, हा जगाचा सामान्य रिवाज येथे का मोडतो?

या कोड्याचा उलगडा ज्या यंत्रणेत आहे तिला सस्पेन्शन म्हणतात. मोटार विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थाच्या कानांवर विक्रेत्याकडून ‘मॅकफर्सन स्ट्रट’, ‘टॉर्शन बीम’, ‘मल्टिलिंक’ अशी भारदस्त नावे पडतात, आणि नाव जितके भारदस्त, किंमत जितकी चढी, तितके बसणाऱ्याचे सुख अधिक, असा त्याचा साहजिकच ग्रह होतो. या समजुतीत तथ्य किती आहे हे ठरवायचे तर ही नावे नेमकी कशाची आहेत हे आधी पाहिले पाहिजे.

एका यंत्रणेची दोन कामे

गाडीचा सांगाडा आणि तिची चाके यांच्यामध्ये सस्पेन्शनची योजना असते, आणि तिच्याकडे दोन परस्परविरोधी कामे सोपविलेली असतात. रस्त्यावरील उंचवटा आला की चाकाला वर जाण्याची आणि खड्डा आला की खाली उतरण्याची मुभा देणे, हे पहिले काम. आणि वर-खाली होण्याखेरीज चाकाला जी जी हालचाल सुचेल, म्हणजे पुढेमागे सरकणे, आडवे ढळणे, कलणे, आपल्या मर्जीने दिशा बदलणे, त्या सर्वांना मज्जाव करणे, हे दुसरे. दाराच्या बिजागरीकडूनही आपण नेमकी हीच अपेक्षा करतो: दार उघडले-मिटले पाहिजे, पण ते लोंबता कामा नये आणि चौकटीपासून ढळताही कामा नये. हलक्या बिजागरीचे दारसुद्धा उघडते आणि मिटते, परंतु काही दिवसांनी ते उंबऱ्याला घासू लागते.

मोटारीत मुभा देण्याचे काम स्प्रिंग करते, आणि त्या मुभेचा अतिरेक होऊ न देण्याचे काम तिचा सोबती शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमधला ‘शॉकअप’, करतो. मज्जावाचे काम आर्म, दांडे, बॉल जॉइंट आणि रबरी बुश यांच्याकडे असते. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जाहिरातींतून मिरवणारी बहुतेक नावे या दुसऱ्या खात्यातील आहेत. बसणाऱ्याच्या कंबरेला जाणवणारे सुख मात्र मुख्यतः पहिल्या खात्यातून येते. अधिक किंमत मोजून आपण पुष्कळदा अधिक कडक आणि अधिक विचारपूर्वक केलेला मज्जाव विकत घेत असतो, आणि त्यालाच मुभा समजत असतो.

स्प्रिंगचा हिशेब

स्प्रिंगवर भार ठेवला की ती काही अंतर दबते. दबलेल्या स्थितीतून तिला किंचित ढकलून सोडून दिले तर भारासकट ती खाली-वर झुलू लागते, आणि मिनिटाला तिचे किती झोके होतील हे केवळ ती मूळ भाराखाली किती दबली होती यावरून सांगता येते. ३०० या संख्येला, जेवढे सेंटिमीटर स्प्रिंग दबली असेल त्याच्या वर्गमुळाने भागावे, की मिनिटाचे झोके मिळतात. स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर मिनिटाला ६० झोके, ९ सेंटिमीटर दबत असेल तर १००, आणि जेमतेम ४ सेंटिमीटर दबत असेल तर १५०.

मनुष्याच्या शरीराचीही या बाबतीत स्वतःची आवडनिवड आहे. मिनिटाला साधारण ६० ते ९० झोके, म्हणजे सावकाश चालताना पावले पडतात त्या सुमाराचे, आपल्याला सोसतात, कारण आयुष्यभर चालून शरीराला त्यांची सवय झालेली असते. ३० च्या खाली झोके गेले की बोटीत होते तशी मळमळ सुरू होते; आणि २४० ते ४८० या टापूत बसलेल्या माणसाचे धड खालच्या हादऱ्यांना सर्वांत अधिक दाद देते, म्हणून तेवढ्या वेगाचे हादरे सर्वांत दुःसह वाटतात. मोटारीच्या अभियंत्याने स्प्रिंग निवडावयाची ती या दोन मर्यादांच्या मध्ये.

आता एसटीच्या कोड्याकडे येऊ. समजा, भरलेल्या गाडीत मागची स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबते. म्हणजे मिनिटाला ७५ झोके झाले, आणि उतारू खूश. तीच गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवरील भार निम्म्यावर आला असे धरले, तर स्प्रिंग ८ सेंटिमीटरच दबेल आणि झोके १०६ वर जातील. शिवाय त्याच खड्ड्यातून तोच धक्का आता निम्म्याच वजनाला बसत असल्याने ते वजन दुप्पट जोराने उसळते. रिकाम्या गाडीपुरती मऊ स्प्रिंग घालावी, तर गाडी भरताच ती इतकी दबेल की मागचा भाग थेट खालच्या रबरी ठोकळ्यांवर आदळू लागेल. म्हणून स्प्रिंग भरलेल्या गाडीच्या हिशेबाने घ्यावी लागते, आणि तिचा भुर्दंड रिकाम्या गाडीतील उतारूंना भरावा लागतो. लहान मोटारीची अवस्थाही फारशी वेगळी नाही: जुनी मारुती ८०० सुमारे ६५० किलोंची होती आणि तीत पाच माणसे बसली की गाडीच्या निम्म्याइतका भार नव्याने चढत असे. मोठ्या, जड गाडीत तीच पाच माणसे प्रमाणाने थोडी भरतात. त्यामुळे तिला मऊ स्प्रिंग परवडते. जड गाड्यांच्या सुखाचे एक मोठे कारण, त्यांच्या किमतीशी संबंध नसलेले, हे आहे.

शेवटच्या बाकाचे दुःख थोडे निराळे आहे. गाडी केवळ वर-खाली होत नाही. पुढची चाके खड्ड्यात उतरली की ती पुढे झुकते आणि मागची उतरली की मागे, आणि ही डोलण्याची क्रिया गाडीच्या मध्याभोवती घडते. मध्यावर बसलेल्याला ती जवळजवळ जाणवत नाही. मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबत्या भागात बसलेल्याला उसळी आणि डोल या दोहोंची बेरीज सोसावी लागते. हे डोलणे कमी करण्याची एक युक्ती मॉरिस ओली या इंग्रज अभियंत्याने प्रतिपादिली; रोल्स-रॉइसमध्ये काम केल्यावर १९३० च्या सुमारास तो अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला होता. मागची चाके खड्ड्यावर पुढच्या चाकांच्या मागाहून पोहोचतात, तेव्हा मागच्या स्प्रिंगचे झोके किंचित जलद ठेवले तर पुढच्या भागाने आधी सुरू केलेला झोका ती गाठते आणि लवकरच संपूर्ण गाडी एकसंधपणे, सपाट खाली-वर होऊ लागते. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवण्याचा शिरस्ता यातूनच रूढ झाला.

शॉकअपचे खरे काम

स्प्रिंग धक्का गिळते हे खरे, पण ती गिळलेले सर्व काही परत करते. तिला एकटीला सोडले तर एका गतिरोधकानंतर गाडी पुढच्या चौकापर्यंत झुलत राहील. शॉकअप ही तेलाने भरलेली नळी असून तिच्या आत बारीक छिद्रे आणि झडपा असलेला दट्ट्या सरकत असतो. तेलाला त्या छिद्रांतून रेटून जावे लागते आणि त्या रेट्यात झोक्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. खराब रस्त्यावर दूरवर धावून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला कोमट लागतो तो यामुळे. चाक वर जाताना विरोध थोडा आणि खाली परतताना अधिक, अशी झडपांची रचना बहुधा असते. कारण वर जाणाऱ्या चाकाला फार अडविले तर तो धक्का सरळ बैठकीकडे जातो.

शॉकअपला आणखी एक राखण करावी लागते. सांगाडा मिनिटाला साठ-नव्वद झोके घेत असताना, टायर आणि स्प्रिंग यांच्या कात्रीत सापडलेले चाक स्वतः मिनिटाला सहाशे ते नऊशे वेळा थरथरू शकते. शॉकअप निकामी झाला की हे चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी नाचू लागते. टेकलेले नसताना ते ना वळवू शकते, ना थांबवू शकते. म्हणून शॉकअपची झीज ही कंबरेची बाब आहे त्याहून अधिक ब्रेकची बाब आहे.

पाटे आणि अखंड आस

सर्वांत जुनी आणि अद्यापि हयात असलेली योजना म्हणजे पाट्यांची कमान. घोडागाड्यांना पोलादी कमानींची सोय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होऊ लागली. टांग्याच्या खाली ती आपण पाहिली आहे, आणि ट्रकच्या खाली आजही पाहतो. एकावर एक रचलेले, खाली उतरत आखूड होत जाणारे पोलादाचे पाटे, मध्यभागी यू-बोल्टने आवळून चाकांना जोडणाऱ्या आडव्या आसावर, म्हणजे एक्सलवर, बसविलेले असतात आणि त्यांची दोन टोके सांगाड्याला अडकविलेली असतात. या रचनेचे चातुर्य असे की, मुभा आणि मज्जाव ही दोन्ही कामे ती एकाच वस्तूकडून करून घेते: पाटे वाकून स्प्रिंगचे काम करतात आणि आसाला पुढेमागे वा आडवा सरकू न देण्याचेही करतात. भाग थोडे, किंमत थोडी, ओझे वाहण्याची ताकद मुबलक, आणि एखादा पाटा तुटला तर हमरस्त्यावरच्या कोणत्याही मिस्त्रीकडे दुरुस्ती.

उणिवाही याच चातुर्यातून जन्मतात. आसाला घट्ट धरावयाचे म्हणून पाटे फार मऊ करता येत नाहीत. पाटे एकमेकांवर घासतात. लहान खड्ड्यांनी हे घर्षण मोडतच नाही, त्यामुळे अशा वेळी कमान हललीच नाही असे होते आणि बारीक हादरे जसेच्या तसे वर येतात. ‘पॅराबोलिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळत्या होत जाणाऱ्या थोड्याच पाट्यांची कमान वापरल्यास हे घर्षण पुष्कळ घटते. अखंड आसाची आणखी एक अडचण म्हणजे डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलते. आणि इंजिनची शक्ती मागच्या चाकांना पोहोचविणारा डिफरन्शियलचा जड गोळा आसावरच असल्यामुळे प्रत्येक उंचवट्याला तो सगळा उचलावा लागतो. जे वजन स्प्रिंगच्या खाली, चाकाबरोबर नाचते, ते जितके जास्त तितके गाडीचे सुख कमी, हा नियम मोटारविद्येत निरपवाद मानला जातो.

तरीही आपल्याकडील मोटारींचा अर्धशतकाचा इतिहास या मागच्या पाट्यांवर उभा आहे. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अ‍ॅम्बॅसडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे वाकण्याऐवजी पिळला जाणारा सरळ पोलादी दांडा, स्प्रिंग म्हणून असे, मागे पाटे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, मुंबईच्या टॅक्सीचे रूप घेऊन २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिलेली प्रीमियर पद्मिनी हिलाही पुढे स्वतंत्र चाके आणि मागे पाटे होते. अर्धा डझन उतारू आणि टपावर सामान घेऊन वर्षानुवर्षे चालणाऱ्या गाडीसाठी तो निर्णय अडाणीपणाचा नव्हता. तो ओझ्याचा आणि दुरुस्तीखर्चाचा विचार करून केलेला होता. बोलेरोसारख्या ग्रामीण भागात राबणाऱ्या गाडीला मागे पाटे आहेत ते याच कारणाने.

स्वातंत्र्य मिळाले, पण कोणत्या अटींवर?

डाव्या चाकाचा त्रास उजव्याला होऊ नये, म्हणून प्रत्येक चाक सांगाड्याला स्वतंत्रपणे जोडण्याचा विचार पुढे आला. स्प्रिंगखालचे वजन घटले, इंजिन खाली बसविण्यास जागा झाली, आणि स्टीअरिंगमध्ये येणारी थरथर कमी झाली. पण आस काढून टाकताना एक गोष्ट नाहीशी झाली होती, तिची किंमत पुढे कळली: गाडी वळणावर झुकली तरी अखंड आस दोन्ही चाके रस्त्याशी ताठ ठेवतो. वळणावर गाडीचा सांगाडा बाहेरच्या बाजूस झुकतो. स्वतंत्र चाक सांगाड्याला जोडलेले असल्यामुळे तेही त्याच्याबरोबर झुकू पाहते. आणि कललेल्या टायरची रस्त्यावरची पकड घटते.

शेव्हरोले कॉर्व्हेअर ही १९६० सालची अमेरिकन मोटार या बाबतीत प्रसिद्धी पावली. तिची मागची चाके स्वतंत्र होती, परंतु स्वस्त प्रकारे: डिफरन्शियलपाशी एकेक सांधा, आणि तेथून चाकापर्यंत झुलणारा अर्धा आस. वेगाने वळताना मागचा भाग वर उचलला गेला की बाहेरचे चाक आत दुमडू पाही आणि गाडीचे शेपूट एकाएकी सुटे. अमेरिकन वकील राल्फ नेडर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या गाडीवर प्रखर टीका केली. त्याच वर्षीच्या नमुन्यात कंपनीने मागचे सस्पेन्शन समूळ बदललेले होते. पुढे १९७२ मध्ये सरकारी चौकशीने ही गाडी तत्कालीन इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला. वाद कसाही मिटो, चाक स्वतंत्र केले एवढ्यावर भागत नाही, त्या स्वातंत्र्याची वाट आखून द्यावी लागते, हा धडा मात्र सर्वांनी घेतला.

ती वाट आखण्याची सर्वांत शास्त्रशुद्ध रीत म्हणजे डबल विशबोन. प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी आर्म असतात, आणि वरचा मुद्दाम आखूड ठेवलेला असतो. वळणावर गाडी झुकून बाहेरचे चाक सांगाड्याच्या दृष्टीने वर सरकले की आखूड आर्म चाकाचा माथा आत ओढून घेतो. सांगाडा झुकतो, पण टायर रस्त्याशी बराचसा ताठ राहतो. शर्यतीच्या गाड्यांना ही रचना प्रिय आहे ती या एका गुणामुळे. तिची किंमत मात्र दुहेरी आहे: सांधे आणि बुश अधिक लागतात, आणि वरचा आर्म इंजिनच्या बाजूची मोक्याची जागा खातो.

मॅकफर्सन यांची काटकसर

जागेचा आणि पैशाचा हा प्रश्न अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने सोडविला. जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीच्या योजनेवर काम करताना त्याने ही कल्पना विकसित केली. ती योजना रद्द झाल्यावर तो फोर्डकडे गेला, आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल या गाडीत त्याची रचना प्रत्यक्षात आली. वरचा आर्म त्याने काढूनच टाकला. खाली एक आर्म ठेवला, आणि शॉकअपच्या नळीलाच इतके भक्कम केले की चाक तिलाच जोडता यावे, स्प्रिंग तिच्यावरच बसावी आणि स्टीअरिंग फिरविताना संपूर्ण नळी आपल्याच अंगाभोवती फिरावी. एका नळीने तीन कामे पत्करली. इंजिन आडवे बसविण्यास जागा मोकळी झाली, आणि पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आजच्या लहान मोटारीचा जवळजवळ सार्वत्रिक नमुना सिद्ध झाला.

तीन कामांचा बोजा त्या नळीवर पडतो हे बॉनेट उघडून आणि चाक काढून जवळून पाहिले की ध्यानात येते. स्प्रिंग शॉकअपच्या नेमक्या अक्षावर बसविलेली नसते. ती किंचित तिरकी, चाकाच्या बाजूला झुकलेली असते. चाकाचा भार नळीला सतत बाजूने वाकवू पाहतो आणि आतला दट्ट्या एका अंगाने घासून अडखळतो. तिरक्या स्प्रिंगचा रेटा त्या वाकण्याला उलट बाजूने तोलतो. एवढे करूनही थोडे अडखळणे उरतेच, वळणावर चाक ताठ ठेवण्याची कला डबल विशबोनइतकी साधत नाही, आणि स्ट्रटच्या, म्हणजे या नळीच्या, माथ्यावरचे रबर झिजले की प्रत्येक खड्ड्याचा ठोका थेट पत्र्यातून कानांवर येतो. तथापि भागांची संख्या, वजन आणि किंमत यांचा जमाखर्च मांडला तर लहान मोटारीसाठी याहून किफायतशीर योजना अद्याप रूढ झालेली नाही.

मागच्या बाजूचा मधला मार्ग

पुढची चाके गाडी ओढू लागली तेव्हा मागच्या चाकांकडे अनुगमनाखेरीज काम उरले नाही, आणि त्यांच्यासाठी १९७० नंतरच्या दशकात एक मधला मार्ग निघाला. १९७४ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फने तो लोकप्रिय केला. ट्विस्ट बीम किंवा टॉर्शन बीम या नावांनी तो ओळखला जातो. सर्व्हिस स्टेशनच्या लिफ्टवर चढविलेल्या गाडीखाली उभे राहून मागे पाहिले तर दोन चाकांच्या दरम्यान पोलादाची एक जाड आडवी पन्हळ दिसते, एका बाजूने उघडी. ती उघडी आहे यातच सारे मर्म आहे. अशी पन्हळ वाकायला कठीण पण पिळायला सोपी असते. त्यामुळे एक चाक वर आणि दुसरे खाली गेले तर ती पिळली जाऊन दोघांना थोडेफार स्वातंत्र्य देते, आणि त्या पिळण्याला विरोध करून वळणावर गाडीचे झुकणेही आवरते. दोन बुश, दोन स्प्रिंगा, दोन शॉकअप, की काम झाले; वर डिकीला सपाट, रुंद तळ मिळतो तो वेगळाच.

या प्रकाराची मर्यादा त्या दोन बुशांत आहे. धक्का कमी बसावा म्हणून ते मऊ हवेत, आणि वळणावर सारा आस तिरपा होऊ नये म्हणून तेच कठीण हवेत. दोन्ही मागण्या एकाच रबराकडे असल्यामुळे कोणाची तरी उपेक्षा होतेच. असे असूनही कारखानदार याकडे वळतात याचे उदाहरण पिंपरी येथील आहे. १९९८ अखेर आलेल्या टाटा इंडिकाला मागे स्वतंत्र चाकांची, सेमी-ट्रेलिंग आर्मची योजना होती. दहा वर्षांनी आलेल्या इंडिका व्हिस्टाला ट्विस्ट बीम मिळाला. कागदावर ही पीछेहाट वाटेल. पण नव्या गाडीत बसणाऱ्या उतारूला तसे वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याचे सुख स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या जुळणीवर अवलंबून होते.

पाच दांड्यांची चैन

एकाच बुशाकडे दोन विरुद्ध मागण्या करण्याची पाळी येऊ नये, म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र दांडा नेमणे ही मल्टिलिंकची कल्पना. १९८२ सालच्या मर्सिडीज १९० ने मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे देऊन ती नावारूपाला आणली. खड्ड्याच्या धारेवर आपटलेले चाक क्षणभर मागे सरकू शकले तर धक्क्याची धार बोथट होते. येथे पुढेमागे आवरणाऱ्या दांड्याचे बुश मऊ ठेवून ती मुभा देता येते, आणि त्याच वेळी आडव्या दांड्यांचे बुश कठीण ठेवून चाकाला दिशा बदलण्यास मज्जावही करता येतो. मुभा आणि मज्जाव यांची इतकी सूक्ष्म विभागणी अन्य प्रकारांत क्वचितच साधते, आणि वेगात, लांब वळणावर, मध्येच खड्डा आला असता तिची योग्यता कळते.

पण एका चाकाला पाच दांडे म्हणजे झिजणारी दहा टोके, आणि त्यांना धरणारी वेगळी चौकट. सातव्या पिढीच्या गोल्फमध्ये कारखान्याने कमी शक्तीच्या नमुन्यांना ट्विस्ट बीम आणि अधिक शक्तीच्या नमुन्यांना मल्टिलिंक अशी वाटणी केली. एकाच गाडीला दोन्ही योजना देणाऱ्या कारखान्याचा हा निर्णय बोलका आहे: शहरातल्या संथ वाहतुकीसाठी दुसरीवरचा खर्च त्याला आवश्यक वाटला नाही.

हवेवर तरंगणारी गाडी

मज्जावाची चैन एकीकडे. मुभेच्या खात्यात मोठी सुधारणा हवेने केली. पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी फुग्यात हवा भरली आणि भार वाढला की कॉम्प्रेसरने ती अधिक भरून गाडीची उंची कायम ठेवली, तर रिकामी-भरलेली या दोन्ही अवस्थांत झोक्यांची गती जवळजवळ एकच राहते. मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी आणि साधी एसटी यांतील तफावतीचे एक मुख्य कारण हे आहे. फ्रान्सच्या सिट्रोएनने वायू आणि तेल यांच्या संयोगाने उंची कायम ठेवण्याची किमया १९५५ च्या ‘डीएस’ मोटारीत करून दाखविली होती. गळती, कॉम्प्रेसर आणि रबरी फुगे यांचा दुरुस्तीखर्च हा मात्र या सुखावरील कर होय.

परंतु सुखासाठी पैसाच लागतो असे नाही, याचा पुरावाही त्याच कंपनीने १९४८ मध्ये दिला होता. शेतकऱ्यांसाठी काढलेल्या तिच्या ३७५ सी.सी.च्या ‘२सीव्ही’ या गाडीची अट अशी होती की, टोपलीभर अंडी नांगरलेल्या शेतातून न फुटता गेली पाहिजेत. प्रत्येक चाकाला केवळ एक साधा आर्म, पण स्प्रिंगा अत्यंत मऊ आणि चाकांना वर-खाली होण्यास भरपूर जागा. वळणावर ती पाहणाऱ्याला धडकी भरावी इतकी झुके, पण आतल्या माणसाला खड्डे बाधत नसत.

थोडक्यात

• पाटे आणि अखंड आस: ओझे भरपूर, खर्च व दुरुस्ती स्वस्त, रिकाम्या गाडीत हादरे अधिक, एका चाकाचा त्रास दुसऱ्याला.
• मॅकफर्सन स्ट्रट: थोडे भाग, थोडी जागा, बेताचा खर्च, पकड चांगली पण सर्वोत्तम नव्हे, वरच्या रबराची आणि शॉकअपची निगा आवश्यक.
• ट्विस्ट बीम: स्वस्त, टिकाऊ, मोठी डिकी, खडबडीत वळणावर मर्यादा उघड होतात.
• डबल विशबोन: वळणावर उत्तम पकड; जागा आणि सांधे अधिक, म्हणून खर्चही अधिक.
• मल्टिलिंक: सुख आणि पकड दोन्ही एकत्र जुळविता येतात, झिजणारे भाग सर्वांत जास्त.
• हवेचे सस्पेन्शन: भार बदलला तरी सुख कायम, बिघाड महाग.

खरेदीदाराने काय पाहावे

वरील विवेचनाचा व्यवहारातील निष्कर्ष असा की, गाडीची परीक्षा नावावरून न करता ओझ्यावरून आणि रस्त्यावरून करावी. विक्रेता चाचणीसाठी देतो ती गाडी बहुधा दोन माणसांनिशी, गुळगुळीत रस्त्यावर फिरविली जाते. त्याऐवजी घरची चार माणसे बसवून, आपल्या नित्याच्या खराब रस्त्यावर, स्वतः मागच्या बाकावर बसून ती पाहावी. टायरची उंचीही न्याहाळावी: देखण्या, मोठ्या अ‍ॅलॉय चाकांवर पातळ टायर असला की हवेची जी पहिली आणि फुकटची गादी, तीच आपण पैसे देऊन कमी करून घेतलेली असते. नित्याचा प्रवास मालवाहतुकीचा असेल तर मागच्या पाट्यांना नाक मुरडू नये. तो घाटांतून आणि द्रुतगती मार्गावरून वेगाचा असेल तर मल्टिलिंकसाठी मोजलेली जादा रक्कम नाहक नाही. आणि तो गावातल्या गावात असेल तर ट्विस्ट बीमवाल्या गाडीतून वाचलेले पैसे राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

जुनी गाडी घेताना तर नावाचा विचार मागेच ठेवावा. गाडीचा एकेक कोपरा हातांनी दाबून सोडावा. ती वर येऊन स्थिर झाली तर ठीक, एकाहून अधिक वेळा झुलली तर शॉकअप संपले असे समजावे. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ, टायरवर ठिकठिकाणी पडलेले खळगे, लहान खड्ड्यालाही खालून येणारा ‘खट’ असा आवाज, या तिन्ही खुणा निकामी शॉकअप, झिजलेले बुश किंवा लिंक रॉड यांच्या आहेत. पाच दांड्यांची उंची योजना असो की साधे पाटे असोत, रबर सैल झाले की चाकावरचा मज्जाव उठतो आणि दोन्हींतील अंतर फारसे उरत नाही. यास्तव दर काही वर्षांनी बुश आणि शॉकअप बदलून अलाइनमेंट करून घेण्यासाठी जो खर्च येतो, त्याची तरतूद गाडीच्या किमतीबरोबरच करून ठेवावी. आणि ती करणे परवडणार नसेल, तर ज्या गाडीत झिजणारे भाग कमी आहेत तीच घ्यावी.